कात्री लावलेली प्रीती

'जुन्या करारातला देव कोपिष्ट, नव्या करारातला प्रेमळ' हे वाक्य इतके गुळगुळीत झाले आहे की ते कोण कुणाविरुद्ध वापरतो आहे हेही कळेनासे झाले आहे. बायबलचा टीकाकार ते म्हणतो, कारण त्याला कनानी लोकांच्या, म्हणजे इस्राएलाच्या आधी त्या देशात राहणाऱ्यांच्या, कत्तली दाखवायच्या असतात. बायबलवर श्रद्धा असणाराही तेच म्हणतो, कारण त्याला त्या कत्तलींतून अंग काढून घ्यायचे असते. एक यहोशवाचे पुस्तक उघडतो, दुसरा योहानाचे शुभवर्तमान, आणि दोघे आपापली पाने फडकावत भांडत राहतात. गंमत अशी की दोघांचे गृहीतक एकच आहे. राग आणि प्रीती एकत्र नांदू शकत नाहीत आणि दोन करारांत त्यांची सरळ वाटणी झालेली आहे, असे दोघेही धरून चालतात. मजकुरासमोर हे गृहीतक उभे राहत नाही. बायबलमधली देवाची प्रीती पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधिलकीची प्रीती आहे, ती कुणाची तरी बाजू घेते, आणि तिचा राग त्या बाजू घेण्यातूनच निघतो. राग कापून टाकला की प्रीती निर्मळ होते असे नाही. ज्यांच्यासाठी ती होती तेच लोक त्या कापाकापीत गळून पडतात.

कात्री चालवण्याचा पहिला ठळक प्रयोग दुसऱ्या शतकातला. पंत प्रांतातल्या सिनोपेचा मार्सियन हा जहाजांचा धनी रोमला आला, त्याने तिथल्या मंडळीला, म्हणजे चर्चला, २,००,००० सेस्टर्स इतकी घसघशीत देणगी दिली आणि मग सांगायला लागला की सृष्टी घडवणारा, नियमशास्त्र देणारा, शिक्षा करणारा देव वेगळा आणि येशूचा पिता असलेला निव्वळ दयाळू देव वेगळा. इ. स. १४४ मध्ये मंडळीने त्याला बाहेर काढले आणि पैसेही परत केले. त्याने स्वतःचे शास्त्र बनवले त्यात जुना करार नव्हताच. काटछाट केलेला लूक आणि पौलाची १० पत्रे, एवढेच. लूक का काटावा लागला? कारण नव्या करारातले सर्वांत सौम्य समजले जाणारे शुभवर्तमानही मार्सियनच्या देवाला पेलत नव्हते. तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने त्याच्याविरुद्ध ५ पुस्तके लिहिली. त्यातला एक मुद्दा आजही बिनतोड आहे: वाईटाने जो दुखावत नाही, त्याने चांगल्याची आज्ञा केली तरी तिला अर्थ काय उरतो? (हाच तर्तुलियन अन्यत्र नरकात जळणाऱ्यांचे दृश्य मिटक्या मारत रंगवतो, त्यामुळे प्रीतीचे वकीलपत्र त्याच्याकडे द्यायला मन धजत नाही. मुद्दा मात्र खरा आहे.)

आता मजकूर पाहू. देवाच्या स्वभावाचे बायबलमधले सर्वांत जास्त वेळा उद्धृत झालेले वर्णन निर्गम ३४:६-७ मध्ये (निर्गम या पुस्तकाचा ३४ वा अध्याय, वचने ६-७) आहे: 'दयाळू व कृपाळू देव, मंदक्रोध'. ते येते कधी? इस्राएलाने सोन्याचे वासरू करून कराराचा भंग केल्यानंतर, पाट्या फुटल्यानंतर, त्या दुसऱ्यांदा घडवताना. म्हणजे प्रीतीची व्याख्या अपराधाच्या लगेच पाठोपाठ दिली गेली आहे. 'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे लेवीय १९:१८ मधले आहे, आणि १६ वचने पुढे, १९:३४ मध्ये, परदेशीयावरही तशीच प्रीती कर असे आहे. मार्क १२ मध्ये येशूला सर्वांत थोर आज्ञा विचारली तेव्हा त्याने नवीन काही सांगितले नाही. 'अनुवाद' या जुन्या करारातल्या पुस्तकातले ६:४-५ आणि लेवीय १९:१८ जोडून दिले. उलट नव्या करारात मत्तय २३ मधल्या 'हाय हाय' अशा धिक्कारवाण्या आहेत, पैशाबाबत खोटे बोलणारे हनन्या आणि सप्पीरा हे जोडपे जागच्या जागी मरून पडते, प्रकटीकरण १९ मध्ये रक्तात भिजलेला झगा आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राची आणि पौलाची मोठमोठी प्रवचने आहेत, पण त्यांतल्या एकातही 'देव तुमच्यावर प्रीती करतो' असे वाक्य नाही. आजच्या प्रवचनकाराला ज्याशिवाय सुरुवात करता येत नाही ते वाक्य पहिल्या प्रचारकांना सुचलेच नाही, हे कसे? त्यांचे बोलणे देवाने काय केले यावर उभे होते.

जुन्या करारातच हा वाद किती जिवंत आहे ते पाहायचे असेल तर योना आणि नहूम ही दोन छोटी पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. दोन्ही मिळून ७ अध्याय. दोन्हींचा विषय निनवे, म्हणजे त्याच अश्शूरी साम्राज्याचे नगर, ज्याने इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास शोमरोन ही राजधानी पाडली आणि इस्राएलाचे उत्तरेचे राज्य कायमचे पुसले. दोघेही निर्गम ३४ मधले तेच वर्णन हाताशी घेतात, पण वेगवेगळ्या टोकाने. नहूम १:३ म्हणते: परमेश्वर मंदक्रोध आहे, पण तो अपराध्याला मुळीच निर्दोष ठरवणार नाही, आणि मग रक्तपाती नगरावर तुटून पडते. योना ४:२ मध्ये संदेष्टा दयेचा अर्धा भाग घेतो, तोही स्तुती म्हणून नव्हे, तक्रार म्हणून: तू असा दयाळू आहेस हे मला ठाऊक होते, म्हणून तर मी पळालो! पुस्तक संपते ते देवाच्या प्रश्नावर: उजव्याडाव्या हाताचा भेद न कळणारी १,२०,००० हून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे ज्या नगरात आहेत, त्याची मला कीव येऊ नये काय? योनाचे उत्तर दिलेले नाही. यातला कोणता देव खरा, हा प्रश्न विचारणाऱ्याने दोघांचे श्रोते पाहिले नाहीत. नहूम अश्शूराच्या टाचेखाली चिरडलेल्यांशी बोलतो. त्यांना 'तुमच्या छळणाऱ्यावरही देवाची माया आहे' एवढेच ऐकवणे म्हणजे क्रौर्य. योना बोलतो तो त्यांच्याशी, ज्यांना शत्रूचा पश्चात्तापसुद्धा नको आहे. त्यांना नहूम ऐकवणे म्हणजे आगीत तेल. लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीचा शेवटही असाच अधांतरी आहे: बाप थोरल्याची समजूत घालतो, आणि थोरला घरात गेला की नाही हे लूक सांगत नाही. बापाच्या प्रेमाची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते खरी, पण येशूने ती कुरकुरणाऱ्या परूश्यांना (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाला) आणि शास्त्र्यांना सांगितली आहे. तिची धार थोरल्या मुलाकडे आहे.

इथे प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा समोर घ्यायलाच हवा. अनुवाद २०:१६-१७ कनानी नगरांत श्वास घेणारे काहीही जिवंत ठेवू नका म्हणते. १ शमुवेल १५:३ मध्ये अमालेक या शत्रू टोळीची तान्ही बाळेसुद्धा मारण्याची आज्ञा आहे, आणि ती पाळण्यात कसूर केली म्हणून इस्राएलाचा राजा शौल याचे राज्य जाते. याला कोणती बांधिलकीची प्रीती म्हणायचे? 'कनानी फार दुष्ट होते' हे नेहमीचे उत्तर तान्ह्या बाळांपाशी कोसळते. 'देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत' हे उत्तर तर कोणत्याही कत्तलीला लागू पडते, म्हणून ते उत्तरच नव्हे. मजकुराचे स्वरूप ध्यानात घेतले तर थोडा उजेड पडतो. यहोशवा १०:३६-३९ मध्ये हेब्रोन आणि दबीर इथे एकही जण उरला नाही. पण १५:१३-१५ मध्ये कालेबाला त्याच हेब्रोनातून लोकांना हाकलून त्याच दबीरवर चाल करावी लागते, आणि शास्ते १ मध्ये न हाकललेल्या लोकांची लांबलचक यादी आहे. अनुवाद ७:२ समूळ नाश करा म्हणते आणि पुढचेच वचन त्यांच्याशी सोयरीक करू नका म्हणते. मेलेल्यांशी सोयरीक कोण करतो? ही त्या काळच्या विजयलेखांची भाषा आहे. मवाबचा राजा मेशा याच्या शिलालेखात, जो १८६८ मध्ये दीबान इथे सापडला, इस्राएल कायमचा नष्ट झाला असे कोरले आहे. मिसरच्या (इजिप्तच्या) मर्नेप्ताह या राजानेही इ. स. पूर्व १२०८ च्या सुमारास इस्राएलाचे बीज उरले नाही असे कोरले होते. इस्राएल दोन्ही वेळा शाबूत होता.

एवढ्याने प्रश्न सुटत नाही. अतिशयोक्ती असली तरी ती कौतुकाने केलेली अतिशयोक्ती आहे, आणि ती वाचून पुढे माणसे मारली गेली. उत्तर अमेरिकेतल्या प्युरिटन वसाहतवाल्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांना कनानी आणि अमालेकी ठरवले तेव्हा त्यांच्या हातात संपूर्ण बायबल होते, मार्सियनचे नव्हे. हा डाग पुसण्याचा प्रयत्न करू नये. प्रश्न एवढाच की त्याविरुद्धची साक्ष कुठून येते. ती आधी जुन्या करारातून येते. तुमच्या नीतिमत्त्वामुळे हा देश तुम्हाला मिळत नाही, असे अनुवाद ९:४-६ तीनदा बजावते. तुम्ही तसेच वागलात तर हा देश तुम्हालाही ओकून टाकील, असे लेवीय १८:२८ म्हणते. आमोस ९:७ मध्ये देव विचारतो: तुम्ही मला कूशी लोकांसारखेच नाही काय? पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीर येथून मीच आणले ना? म्हणजे शत्रूंचेही आपापले निर्गमन आहे. मवाब्याला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ देऊ नये असे अनुवाद २३:३ म्हणते, तर रूथ नावाची मवाबी स्त्री दाविदाची पणजी ठरते. बापाचा अपराध तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत मोजणारे निर्गम ३४:७ आहे, तर मुलाने बापाचा अपराध वाहायचा नाही असे ठणकावणारे यहेज्केल १८ आहे. हे पुस्तक स्वतःशी भांडते. मत्तयाने येशूच्या वंशावळीत कनानी राहाब आणि मवाबी रूथ घातल्या आणि १५ व्या अध्यायात एका कनानी स्त्रीला येशूशी वाद घालून जिंकू दिले, तेव्हा तो या जुन्याच भांडणात एक बाजू घेत होता.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. अभ्यासक म्हणतात की अनुवादातली प्रीती ही खरी प्रीतीच नव्हे, ती मांडलिकाची निष्ठा आहे. पुरावाही जोरदार आहे. अश्शूरचा राजा एसर-हद्दोन याने इ. स. पूर्व ६७२ मध्ये मांडलिकांकडून जे करार शपथेवर करून घेतले, त्यांत युवराज अशुरबनिपालवर स्वतःसारखे प्रेम करा असे कलम आहे. 'पूर्ण मनाने प्रीती कर' हे त्याच काळच्या राजकारणाच्या बोलीत लिहिले गेले, हे मान्य. पण त्या बोलीत काय बदलले? सम्राट प्रेम मागतो, देत नाही. आणि मांडलिकाच्या दारातल्या परक्याशी, विधवेशी त्याला कर्तव्य नसते. अनुवाद ७:७-८ मध्ये मात्र प्रीतीची सुरुवात वरून होते, आणि कारण म्हणून निवडलेल्याचा कोणताही गुण दिलेला नाही: तुम्ही संख्येने सर्वांत थोडे होता. मग १०:१८-१९ मध्ये देव अनाथ आणि विधवा यांचा न्याय करतो, परदेशीयावर प्रीती करून त्याला अन्नवस्त्र देतो, आणि म्हणून तुम्हीही परदेशीयावर प्रीती करा असे सांगतो. कराराचा साचा अश्शूरचा, कलमे मात्र अश्शूरला न मानवणारी.

यातूनच 'बिनशर्त प्रेम' या लाडक्या शब्दप्रयोगाचाही निकाल लागतो. तो बायबलमध्ये नाही. प्रीती कमवावी लागत नाही, हे खरे. पण ती काही मागतच नाही, हे खोटे. आमोस ३:२ मध्ये देव म्हणतो की पृथ्वीवरच्या सर्व कुळांतून मी तुम्हालाच ओळखले, म्हणून तुमच्या दुष्कर्मांचे शासन मी करीन. त्या 'म्हणून'वर सगळे तत्त्वज्ञान उभे आहे. योहान १५:१० मध्ये येशू म्हणतो की माझ्या आज्ञा पाळाल तर माझ्या प्रीतीत राहाल. आणि 'देव प्रीती आहे' हे ज्या पत्रात दोनदा येते (१ योहान ४:८ आणि ४:१६), तेच पत्र ३:१७ मध्ये विचारते की ज्याच्याजवळ जगाची साधने आहेत आणि जो भावाची गरज पाहून आतडी बंद करतो, त्याच्या ठायी देवाची प्रीती कशी राहील? पहिले वाक्य भिंतीवर टांगले जाते. दुसरे टांगलेले कधी पाहण्यात येत नाही.

राहिला नरक. इथे टीकाकार बरोबर आहे, फक्त त्याने चुकीच्या कराराकडे बोट दाखवले आहे. जुन्या करारात मेलेले सगळे, बरेवाईट, अधोलोकात जातात. मरणोत्तर कायमच्या अप्रतिष्ठेचा स्पष्ट उल्लेख दानीएल १२:२ मध्ये, अगदी उशिरा येतो. अग्नी आणि दातखाणे येशूच्या तोंडी आहे. प्रीती आणि अंतहीन शिक्षा यांचा मेळ कसा घालायचा यावर चर्चमध्येच फूट पडली. तिसऱ्या शतकात ओरिजेनने अखेरीस सर्वांचे पुनःस्थापन होईल अशी आशा मांडली, चौथ्यात नुस्साच्या ग्रेगरीने ती उचलून धरली, तर ऑगस्टीनने 'देवाचे नगर'च्या २१ व्या भागात अशा दयाळू मंडळींना सविस्तर खोडले. मला ऑगस्टीनची बाजू जड वाटत नाही. सर्वांवर दया करावी म्हणून देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडले, हे रोमकरांस ११:३२ त्याला नीट पचवता आलेले नाही. पण नरक वजा करून न्याय वजा करता येत नाही. मत्तय २५ मध्ये न्यायाची कसोटी काय आहे? भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. प्रश्नपत्रिकेत श्रद्धेचा एकही प्रश्न नाही.

वधस्तंभाबद्दलही हीच गफलत होते: बाप संतापलेला आणि पुत्र मध्ये पडून त्याचे मन वळवतो, असे चित्र रंगवले जाते. हा मार्सियनच, मागच्या दाराने आलेला. रोमकरांस ५:८ म्हणते की आपण पापी असतानाच ख्रिस्त मेला यात देव स्वतःची प्रीती सिद्ध करतो. समेट झाला म्हणून देव प्रीती करू लागला असे समजू नका, हे ऑगस्टीनने सांगितले आणि कॅल्विनने त्याला उद्धृत केले. म्हणजे ज्यांना कठोर म्हणून नावे ठेवली जातात त्यांनाही हे चित्र मान्य नव्हते.

राग कापल्यावर कोण गळते, याचे दोन पुरावे. १८०७ मध्ये लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी निवडक बायबल छापले गेले. प्रोटेस्टंट बायबलच्या १,१८९ अध्यायांपैकी त्यात फक्त २३२ अध्यायांतला मजकूर होता. मिसरातून सुटका गाळली, तिथे ना दास ना स्वतंत्र असे म्हणणारे गलतीकरांस ३:२८ गाळले; दासांनो, धन्याची आज्ञा पाळा हे इफिसकरांस ६:५ ठेवले. फारोला बुडवणारा देव मळेवाल्यांना परवडण्यासारखा नव्हता, सहनशील देव परवडत होता. १३ नोव्हेंबर १९३३ ला बर्लिनच्या श्पोर्टपालास्टमध्ये सुमारे २०,००० लोकांसमोर नाझींना पाठिंबा देणाऱ्या 'जर्मन ख्रिस्ती' चळवळीतल्या राइनहोल्ड क्राउझे याने जुना करार फेकून देण्याची मागणी केली. १९४० मध्ये त्याच विचारांच्या आयझेनाखमधल्या संस्थेने येशूचे यहूदीपण पुसणारा नवा करार छापला. मार्सियनवर हे पाप घालता येणार नाही, आणि १९२१ मध्ये त्याच्यावर ग्रंथ लिहून जुन्या कराराला प्रमाण शास्त्रातून वगळण्याची शिफारस करणाऱ्या हार्नाक या जर्मन चर्च-इतिहासकारावरही नाही. एखाद्या विचाराचा गैरवापर झाला म्हणून तो खोटा ठरत नाही, हेही कबूल. पण दोन्ही वेळा कात्री एकाच जागी लागली: जिथे देव एका विशिष्ट, दडपलेल्या लोकांची बाजू घेतो, तिथे. हा योगायोग म्हणायचा का?

वचने तोडून वापरण्याची सोय तशी अलीकडची आहे. अध्यायांची आजची विभागणी १३ व्या शतकाच्या सुरुवातीची, नव्या करारातले वचनांचे आकडे १५५१ चे. आकडा मिळाला की वाक्य सुटे होते. यिर्मया २९:११ मधले 'तुमच्या हिताचे संकल्प' वैयक्तिक भरभराटीचे आश्वासन म्हणून वाटले जाते. ते बाबेलला नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातले वाक्य आहे, आणि त्याच्या आदल्याच वचनात ७० वर्षे थांबा असे लिहिले आहे. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परदेशातच मरणार होते. योहान ३:१६ वाचताना निदान २१ व्या वचनापर्यंत जावे, आणि त्या अध्यायाचे शेवटचे वचन, ३:३६, क्रोधाविषयी आहे हे झाकू नये.

ही कात्री आज अधिक सभ्य हातांत आहे. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक नित्यप्रार्थनेच्या ग्रंथातून स्तोत्रे ५८, ८३ आणि १०९ पूर्णपणे वगळली गेली, १३७ व्या स्तोत्राचा शेवट कापला गेला. कारण दिले ते म्हणणाऱ्याच्या मनाला होणाऱ्या त्रासाचे. त्रास होतो हे खरे. बाबेलची बाळे खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणारे वाक्य प्रार्थनेत कुणाच्या तोंडी सहज बसेल? पण ते म्हणणारा यरुशलेम जळताना पाहून आलेला बंदिवान आहे, आणि १०९ व्या स्तोत्रातला शापित मनुष्य दीनदुबळ्यांचा जीव घेईपर्यंत पाठलाग करणारा आहे, असे १६ वे वचन सांगते. या स्तोत्रांत कुणी तलवार उचलत नाही; संताप जसाच्या तसा देवापुढे टाकून दिला जातो. ज्याच्याकडे संताप टाकण्याची जागा नाही तो सूड स्वतः घेतो किंवा गप्प बसायला शिकतो. रोमकरांस १२ मध्ये पौल हेच करायला सांगतो. १९ व्या वचनात 'सूड घेणे माझ्याकडे आहे' हे अनुवाद ३२:३५ मधून, आणि लगेच २० व्या वचनात भुकेल्या शत्रूला खायला घाल, हे नीतिसूत्रे २५:२१ मधून. दोन्ही वाक्ये त्याने जुन्या करारातूनच घेतली आहेत.